सकाळच्या गाडीची पन्नास माणसं

रविवार, १४ मार्च. ठरलेली रक्कम आठशे चाळीस रुपये. हजर सात घरांतले सात जण; जागा नल्लकुंट्यातल्या आमच्या घराची बाहेरची खोली. चहा देऊन माझी बायको दारातच उभी राहिली होती. तिला धरलं तर आठ.

विषय सकाळच्या गाडीचा होता. रूळ रुंद झाल्यावर त्या मार्गावर जादा गाडीला जागा झाली, आणि आमच्या घरामागच्या थांब्यावरून मेडचलला जाऊन परत येणारी एक गाडी मार्चअखेरपर्यंत चाचणीवर सुरू झाली. अट अशी की आमच्या थांब्यावर रोज पन्नास उतारू मिळाले पाहिजेत. मिळत होते छत्तीस. त्यातली एक माझी बायको. मेडचलच्या शाळेत ती गणित शिकवायची.

त्याआधी ती बसने जात असे. देशाचा बाजार खुला झाल्यापासून त्या रस्त्यावर ट्रकांची रांग तुटत नव्हती. आदल्या पावसाळ्यात एक ट्रक तिच्या बसला घासून गेला. खिडकीशी ती बसली होती. डावा हात कोपरात अजून सरळ होत नाही. तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, "गाडी बंद झाली तर मी राजीनामा देणार. बसमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही."

वकीलसाहेब आमच्या गल्लीतले जुने शहरवासी. योजना त्यांची. "रोज चौदा तिकिटं जास्त काढायची आणि फाडून टाकायची. चार रुपयांचं तिकीट, कामाचे पंधरा दिवस. दर घरी एकशेवीस. काम खतम!"

"आणि डब्यात कोण बसणार?" मी विचारलं.

"अहो हिशेबनीस, रेल्वेला पैसा पाहिजे. तुमचं बूड नक्को!"

सगळे हसले. मी सांगितलं, बसणाऱ्याशिवाय तिकिटाला मी पैसे देणार नाही. या आकड्यावर उद्या कुणी आपल्याला डबा वाढवून देईल आणि जिथे माणसं खरोखर लोंबकळत जातात तिथला काढून घेईल.

"काका, तुमचं बरोबर आहे," वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणाला. तो पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आला होता. "पण गाडी जाईल ना!"

बायको कप गोळा करत होती. "माझा हात तुमच्या कुठल्या रकान्यात बसतो तेवढं सांगा," ती म्हणाली. आत गेली, स्वतःच्या पगारातले एकशेवीस रुपये आणून वकीलसाहेबांपुढे ठेवले.

तो आठवडाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. विक्री रोज पन्नास तिकिटांची होत होती.

शनिवारी संध्याकाळी थांब्यावरचा तिकीट-एजंट आमच्या फाटकाशी आला. "साब, सोमवार को बडे साब आ रहे. टिकटां नहीं, मुंड्यां गिनते बोले."

वकीलसाहेबांना बोलावलं. त्यांचा चेहराच उतरला. विक्री पन्नासची आणि डोकी छत्तीस निघाली, तर लबाडी म्हणून गाडी त्याच दिवशी बंद व्हायची.

"आता चौदा माणसं आणायची कुठून?"

"आता माझी हरकत नाही," मी म्हणालो. "ज्याने त्याने तिकीट काढायचं आणि बसायचं."

"बसून जायचं कुठे, मियाँ? मेडचलला माझा मामा राहतो काय?"

"द्राक्षांचे मळे आहेत. मळ्यावर हिमायतनगरच्या बाजारापेक्षा स्वस्त मिळतील. परतीच्या गाडीने पाट्या आणू."

रविवारी मी अंबरपेठेपर्यंत घरं फिरलो. मला आणि वकीलसाहेबांना धरून चौदा जण झाले. सोमवारी थांब्यावर नऊ आले. वकीलसाहेब रिकामी पाटी घेऊन उभे होते आणि दर मिनिटाला गल्लीकडे बघत होते. गाडी आली. आणखी कुणी आलं नाही.

मोजणारे साहेब डब्यातून दोनदा फिरले आणि माझ्यासमोर बसले. "आज पंचेचाळीस. गेल्या आठवड्यात रोज पन्नास. पाच कुठे गेले?"

वकीलसाहेबांनी माझा पाय दाबला. "दुसऱ्या डब्यात असतील साहेब," ते म्हणाले.

समोर खिडकीशी बायको होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. उजव्या हाताने डावं कोपर धरून ती बाहेर बघत बसली होती.

"गेले कुठेच नाहीत," मी म्हणालो. "गेल्या आठवड्यात माणसं छत्तीसच होती. चौदा तिकिटं गाडी राहावी म्हणून घेतली आणि फाडली. आजचे नऊ खरे आहेत. उद्या येतील असं मी सांगू शकत नाही."

"मेलो," वकीलसाहेब पुटपुटले.

साहेबांनी लिहून घेतलं. मेडचल आलं. उतरताना बायको एवढंच म्हणाली, "सांगून टाकलंत ना? आता राजीनामा तरी मला लिहू द्या."

मळ्यावरून आम्ही नऊ पाट्या भरून आणल्या. मेडचल स्टेशनावर आम्ही त्या सामानाच्या डब्यासाठी नोंदवत असताना एका मळेवाल्याने विचारलं, त्याचाही माल घेतील का? ट्रकवाला दोन दिवस त्याला उद्या-उद्या करत होता. त्याने बारा पाट्या चढवल्या. साहेब तिथेच उभे होते. त्यांनी त्याही मोजल्या.

महिनाअखेरीच्या आत एजंटने निरोप आणला. चाचणी आणखी तीन महिने. अट तीच, पण यापुढे डोकी मोजणार, आणि चढलेल्या पाट्याही.

सहा दिवसांच्या फाडलेल्या तिकिटांचे तीनशे छत्तीस गेले. उरलेले पाचशे चार वकीलसाहेबांनी सात घरांना परत वाटले. आमच्या वाट्याचे बहात्तर मी बायकोच्या हातात दिले. पहिल्या एप्रिलला तिच्या महिन्याच्या पासाचे पंच्याऐंशी रुपये काचीगुड्याच्या तिकीटखिडकीवर भरले. ते माझे.