कडू कांद्याचं पत्रक

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. वडील सभांना जात आणि खिशात पत्रकांच्या घड्या घेऊन येत. त्यांची मागची कोरी बाजू हीच माझी पाटी. त्यामुळे कुठलंही लिखाण ‘बंधूंनो’नं सुरू होतं आणि शेवटी कुणाला तरी जाब विचारतं, अशी माझी समजूत होती. चांद्याच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो तेव्हा मी विशीत होतो आणि एका जागी बसणं मला जमत नव्हतं.

त्या हिवाळ्यात भामरागडच्या वाटेवरच्या एका गावचे शाळामास्तर त्यांचं पहिलं पुस्तक छापायला घेऊन आले. जंगलातल्या भाज्या, फळं, कांदे म्हणजे तिकडचे कंद, आणि ते तिथं कसे खातात, एवढाच विषय. गुरुजी एका विधवा बाईच्या पडवीत राहत, शाळाही तिथंच भरे. पुस्तकातलं निम्मं तिनंच त्यांना सांगितलं होतं, चुलीपाशी बसून.

पुस्तक बांधणीला गेलं आणि जाहिरातीचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी गुरुजींना म्हटलं, “तुमचं पुस्तक दोन ओळींत सांगा.”

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. “त्यात भाज्या आहेत.”

“आणखी?”

“कांदे पण आहेत.”

कोपऱ्यात पुस्तकाचे छापील फर्मे दुमडत बसलेले बांधणीवाले चाचा खाली मान घालून हसले. माझे पाय टेबलाखाली हलायला लागले. असा माणूस पुस्तक लिहितो आणि त्याबद्दल बोलायला त्याची जीभ उचलत नाही. मी म्हटलं, “गुरुजी, तुम्ही गावी जा. मी लिहितो.”

मी पुस्तकाची दहा पानं वाचली. अकरावं उघडायच्या आत पत्रक डोक्यात तयार झालं होतं. पिवळ्या कागदावर लाल शाईत मी छापलं: ‘बंधूंनो, या जंगलात माणसं मुळं उपटून पोट भरतात. त्यांच्या उपासमारीची ही कहाणी वाचा आणि सरकारला जाब विचारा.’ लाकडं नेणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर गठ्ठा गुरुजींच्या गावच्या बाजाराला रवाना केला. त्या दिवशी मला छान वाटलं.

आठ दिवसांनी गुरुजी परत आले, ते धुळीनं माखलेले. “पुस्तक थांबवा,” म्हणाले. “बाहेर काढू नका.”

बाजारात मीठवाल्याला पुड्या बांधायला कागद हवा होता. पत्रकं त्याच्या हाती लागली. मिठाबरोबर ती घरोघर गेली, आणि बाईच्या पुडीवर काय लिहिलंय ते मीठवाल्यानंच तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्या बाजारासमोर. तेव्हापासून ती गुरुजींशी बोलत नव्हती. पडवी रिकामी करा म्हणाली नव्हती, पण चुलीपाशी त्यांचा पाट मांडला जात नव्हता.

“ती म्हणते, मी या माणसाले जेवू घातलं आणि यानं मले भिकारी केलं,” गुरुजी म्हणाले. “तिनं हो म्हटल्याशिवाय हे पुस्तक निघणार नाही.”

“पण उपासमार खरी आहे,” मी म्हटलं. “श्रावणात घरातलं धान्य संपल्यावर काय होतं तिथं, ते तुम्हाला माहीत आहे.”

चाचा सुईत दोरा ओवत होते. “भाऊ, मी पंधरा दिवसांपासून हेच शिवून राह्यलो. शिवता शिवता वाचतो. मले तर यात उपाशी कोणी दिसला नाई. आपल्या धंद्याचं बोलणारी बाई दिसली. तुले कुठी दिसला उपाशी?”

“तुम्ही आणखी वाचा.”

“मी सगळं वाचलं. तू वाचलं का?”

दुसऱ्या दिवशी गुरुजींबरोबर निघालो. आलापल्लीपर्यंत ट्रक, पुढं बैलगाडी, मग पायी. वाटेत खायला काही घेतलं नव्हतं. मला निघायची घाई होती. बाईच्या अंगणात पोचलो आणि मी तिथंच जमिनीवर बसलो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गुरुजींना विचारलं, “हाच का तो कागदवाला?”

गुरुजींनी होकाराची मान हलवली.

“जेवला नाई वाटते.”

तिनं पानाच्या द्रोणात उकडलेला कांदा आणून ठेवला, मीठ लावलेला. मी अधाशासारखा खाल्ला. ती समोर बसून बघत होती.

“कोण उपाशी हाय भाऊ, तुमी का मी?”

माझ्या तोंडात घास होता.

“हा कडू कांदा हाय. असाच खाल्ला तर माणूस मरते. चिरायचा, राख लावून उकडायचा, मंग टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायचा. किती रात्री, सांगा बरं?”

मला माहीत नव्हतं. दहा पानांत ते नव्हतं.

गुरुजींनी पिशवीतून पुस्तकाचे सुटे फर्मे काढले आणि ते पान वाचलं. तीन रात्री, टोपलीवर दगड ठेवून, आणि चौथ्या दिवशी आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसानं चाखायचं. ती मान डोलवत होती. मग गुरुजी त्याच आवाजात पुढं वाचत गेले: ‘आज कांदा नाही. जंगलखात्याच्या नाकेदारानं बाईची कांदे खणायची काठी नाक्यावर ठेवून घेतली. ती तिच्या आईची होती.’

“हे कुठल्या पानावर?” मी विचारलं.

“बत्तीस.”

ज्याबद्दल मी संतापायला हवं होतं ते सगळं तिथं होतं, आणि मी तिथपर्यंत गेलोच नव्हतो.

“हे त्या कागदावर काऊन नाई लिवलं?” बाई म्हणाली. “उपाशी म्हणता. काठी नेली, ते नाई म्हणत.”

“लिहिलं तर गुरुजींना त्रास होईल,” मी म्हणालो. पत्रकांवर वाढलेल्या माझ्या तोंडून हे आलं याची मला तेव्हाच लाज वाटली.

गुरुजी टोपी फिरवत होते. “पुस्तकात छापून झालंय ते,” म्हणाले. “पत्रकात आलं तर काय मोठं.”

बाईनं चुलीपाशी गुरुजींचा पाट मांडला. त्याच्यावर गुरुजी बसले.

चांद्याला येऊन मी ते पान जसंच्या तसं जुळवलं, कांद्यापासून काठीपर्यंत. काळ्या शाईत. ‘बंधूंनो’ नाही, जाबही नाही. काठीच्या आधी एखादं विशेषण बसवावं म्हणून बोटं सारखी खिळ्यांच्या खान्याकडे जात होती. चाचांनी एकदा नुसतं वर पाहिलं, मग मी हात मागं घेतला.

पुस्तक निघालं. पत्रकं मी स्वतः बाजाराला नेली, मीठवाल्याच्या शेजारी उभा राहून वाटली, आणि त्यानं पुड्यांसाठी मागितली तेव्हा त्यालाही दिली. बाईही मीठ घ्यायला आली. तिनं आपली पुडी तिथंच सोडून मीठ सोबतच्या मडक्यात ओतलं, कागद सरळ केला आणि मला म्हणाली, “वाच.”

मी वाचलं. आजूबाजूची माणसं थांबली.

“बरोबर हाय,” ती म्हणाली. “मंग आता काठी देतील का?”

मी नाक्यावर गेलो. नाकेदाराला पत्रक दाखवलं. काठी मिळाली नाही. परतताना अंगणापाशी ती उभी होती, आणि तिनं लांबूनच माझे रिकामे हात पाहिले.