ताई नको म्हणाल्या

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिच्यापासून माझं काही लपत नाही — गोळी घ्यायची चुकवली तरी तिला तोंडावरून कळतं — पण ही गोष्ट तेवढी पोटात राहिली. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

आमच्या बऱ्हाणपुरात नगर निगम दर काही वर्षांनी एका माणसाला ‘नगरभूषण’ करते. शाल, मानपत्र आणि सभागृहाच्या भिंतीवर कायमचा फोटो. गावात यापेक्षा मोठा मान नाही. नाव ठरवायला एक समिती असते — चार-पाच पार्षद, म्हणजे तुमच्याकडचे नगरसेवक, आणि बाहेरचा एक शिकलेला माणूस. तो शिकलेला माणूस म्हणजे मी. आमचं कुटुंब महाराष्ट्रातून इकडं आलं, कागद कारखान्याच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणून मला घेतलं.

आणि त्या बैठका! काय सांगू तुम्हाला? बहादरपूरच्या केळीच्या व्यापाऱ्याचं नाव आलं की सिंधीपुऱ्याचे पार्षद फुगून बसायचे. डॉक्टरांचं नाव आलं की कुणाला तरी त्यांनी कधीतरी रांगेत ताटकळत ठेवल्याचं आठवायचं. एकजण तर दर बैठकीला स्वतःच्या सासऱ्यांचं नाव सुचवायचा, आणि सासऱ्यांनी काय केलंय विचारलं की म्हणायचा, ‘आदमी चांगला आहे ना पण!’ मावा जलेबी यायची, ती संपायची, आणि बैठक पुढच्या आठवड्यावर जायची. माझं डोकं उठायचं. मानाची एक शाल द्यायची तर ही तऱ्हा, हे लोक गाव कसं चालवत असतील?

अशाच एका बैठकीत कुणीतरी सुमनताईंचं नाव घेतलं. विरोध करणार कसा? तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या मुलीला, सुनेला, नाहीतर बहिणीला ताईंनी तापीत पोहायला शिकवलं होतं. फार वर्षांपूर्वी घाटावर कपडे धुताना त्यांच्या शेजारची एक मुलगी बुडाली. काठावर बायकाच बायका, आणि एकीलाही पोहता येईना. त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून ताई मुलींच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्यांना पाण्यात उतरवू लागल्या. लोक नाही नाही ते बोलले. ताईंनी घाटावर उभं राहून एकेकाला शिव्या घातल्या आणि शिकवणं चालू ठेवलं. माझी मुलगीही त्यांच्याकडेच शिकली — ती पाण्याला इतकी भ्यायची की डोक्यावरून आंघोळसुद्धा करायची नाही.

नाव पक्कं झालं. पण मागं एकदा एका गृहस्थांनी भर स्टेजवर शाल परत केली होती, तेव्हापासून आधी घरी जाऊन विचारायची पद्धत पडली आहे. अध्यक्ष मला म्हणाले, ‘भाऊ, तुम्हीच पूछून या. स्टेजवर मना केलं तर आपली इज्जत जाईल ना.’

गेलो. आता इथं — थांबा, हे नीट सांगायला हवं.

मी मनात सगळं ठरवून गेलो होतो. मी विचारणार, ताई म्हणणार, नको हो, मी कोण एवढी. मी आग्रह करणार. त्या पुन्हा नको म्हणणार. मग मी हात जोडणार, आणि मग कुठं त्या मान हलवणार. आपल्यात असंच असतं ना? जिलेबीचा दुसरा तुकडासुद्धा आपण दोनदा नको म्हटल्याशिवाय घेत नाही.

ताईंनी माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

‘घेईन ना! का नाही घेणार? किती टाइम लावला तुम्ही लोकांनी!’ आणि लगेच — फोटो कुठं लावणार? दारासमोरच्या भिंतीवर लावजा, कोपऱ्यात नको. बँड आहे की नाही? शाल कोणत्या रंगाची? गेल्या खेपेची फिकी होती, तसली मला नको. कपाट उघडून त्यांनी एक जांभळी साडी काढली, खांद्यावर धरली आणि मला विचारलं, ‘स्टेजवर ही खुलेल ना, भाऊ?’ सत्तरीला टेकलेली बाई, आणि तोंडावर नव्या नवरीची खुशी.

मला काय वाटलं सांगू? राग आला. भयंकर राग आला. एवढं काम केलेल्या बाईनं असं हपापल्यासारखं करावं? जराही संकोच नाही? चहा न घेता उठलो. रस्ताभर चिडचिड करत आलो.

खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. मी रिटायर झालो तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, निरोपाचा कार्यक्रम ठेवू या का? मी म्हटलं, नको हो, कशाला. अगदी रीतीप्रमाणे म्हटलं. आणि त्यांनी ते खरं मानलं. पुन्हा कुणी विचारलंच नाही. शेवटच्या दिवशी मी डबा पिशवीत घालून सायकलवर घरी आलो. मी नको म्हणून बसलेला माणूस, आणि ही बाई खुशाल हो म्हणते — ते मला सोसलं नाही. हे सांगतोय म्हणून माझी कीव करू नका. कीव करण्यासारखं त्यात काही नाही.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, ‘काय म्हणाल्या ताई?’

मी म्हटलं, ‘ताई नको म्हणाल्या.’

एवढंच. तीन शब्द. कुणी उलटून विचारलं नाही. उलट सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. नगरभूषण केळीच्या व्यापाऱ्याला गेलं, आणि समारंभात महापौरांनी भाषणात सांगून टाकलं, की आपल्या सुमनताईंनी हा मान नम्रपणे नाकारला, याला म्हणतात त्याग! टाळ्यांचा कडकडाट. ताई प्रेक्षकांत होत्या. त्यांना काय वाटलं असेल? बोलावणं राहून गेलं असेल, आयत्या वेळी येईल? त्या जांभळी साडी नेसून आल्या होत्या.

लोक वळून वळून त्यांच्या पाया पडू लागले. ताईंनी मला शोधलं. मी खांबाशी उभा होतो. आमची नजरानजर झाली. आता त्या शिव्या घालणार, असं वाटून मी खांबाआड सरकलो. पण बोलणार काय? मी नको म्हटलंच नव्हतं, मला पाहिजे होतं — असं चारशे माणसांत कोण बोलेल? ज्या बाईनं अख्ख्या घाटाला गप्प केलं होतं, तिला मी गप्प केलं. शेजारची बाई म्हणाली, ‘ताई, कमाल केली तुम्ही!’ त्यावर ताई हळूच म्हणाल्या, ‘हो. काय करायचंय आपल्याला.’

वाटलं होतं, झालं, संपलं. संपतं कुठं? गावानं ते धरूनच ठेवलं. शाळेच्या गॅदरिंगला ताईंना स्टेजवर बोलवायचं बंद झालं — त्यांना आवडत नाही. महिला मंडळानं सत्कार ठेवला नाही — त्यांना आवडत नाही. दोन वर्षांपूर्वी गणपती मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. एक कार्यकर्ता हार घेऊन एकेकाला घालत आला. ताईंनी मान थोडी पुढं केली. तो त्यांच्यापाशी थांबला, हार मागं घेतला, हात जोडून म्हणाला, ‘ताई, तुमचं तर माहीतच आहे,’ आणि पुढच्या माणसाकडे गेला. ताईंची मान जरा वेळ तशीच पुढं होती. मी मागच्या रांगेतून पाहत होतो.

तेव्हा उठून बोलता आलं असतं. अध्यक्षांच्या घरी जाऊन सांगता आलं असतं. मुलगी फोनवर म्हणाली होती, ‘बाबा, ताई आणि नको म्हणतील? शक्यच नाही!’ तेव्हा तिला तरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, माणसं बदलतात गं.

गेल्या आठवड्यात समिती पुन्हा बसली. लोक नवे, भांडणं तीच. एका तरुण पार्षद बाईंनी ताईंचं नाव घेतलं. म्हणाल्या, ‘एक बार परत विचारून तर बघू ना!’ ताई आता काठी घेऊन चालतात, घाटाच्या पायऱ्या उतरत नाहीत. सगळे माझ्याकडे बघू लागले. कारण ताईंचा नकार मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला ना.

या वेळी मला कुणाचाही राग आला नव्हता. मी म्हटलं, ‘नाही घेणार त्या. कशाला त्रास द्यायचा?’

बाईंनी नाव खोडलं. या वेळी तर मी विचारायलाही गेलो नव्हतो.