अक्काच्या ओळीला हात लावू नका

शेवंताअक्का गेल्याचा मेसेज तिच्याच नंबरवरून आमच्या गावाच्या ग्रुपवर आला, आणि पुरता वाचण्याआधीच मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. दोन ओळी, ऱ्हस्व-दीर्घ जिथल्या तिथं, पूर्णविरामसुद्धा... अक्काच्या फोनवरून असं काही येणं शक्यच नव्हतं. तो तिच्या मुलीनं, उदगीरला प्राध्यापिका असलेल्या सुजातानं लिहिला होता. दुकानात शिलाई मशीनवर बसल्या बसल्याच अक्का गेली. त्याला आता महिना होत आला. तीस वर्षं पोरांच्या वह्या लाल करणाऱ्या मराठीच्या मास्तरानं शुद्ध मराठी बघून घाबरावं, ही वेळ माझ्यावर तिनंच आणली.

अक्का माझ्याच गावची. सीमेवरच्या कमलनगरात बसस्टँडच्या मागं तिचं शिलाईचं दुकान. शाळा झाली चौथीपर्यंत, तीही कन्नडमध्ये. देवनागरी तिनं पन्नाशीत जुळवली, विहारातल्या वंदनेच्या पुस्तिकेवर बोट फिरवत. हातात फोन आला तशी ती लिहायला लागली, आणि बोलायची तसंच लिहायची. तुरीचे हाल, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली... गावाची खबर तिच्याकडूनच कळायची. आणि मी? मी गुलबर्ग्यात बसून तिच्या प्रत्येक मेसेजखाली '*' अशी चांदणी काढून बरोबर शब्द टाकायचो. चार जण शाबासकीचे अंगठे टाकायचे. मला वाटायचं, सीमेवरची मराठी मी एकटाच खांद्यावर घेऊन उभा आहे. माझ्या धाकानं निम्मा ग्रुप नुसती फुलं आणि जोडलेले हात पाठवायला लागलाय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

माझ्या निवृत्तीला चार-पाच वर्षं होती तेव्हाची गोष्ट. शाळेची मधली सुट्टी. अक्काचा मेसेज आला : 'आमच्या ह्यानला रगत पायजे. ओ निगेटीव. गुलबर्ग्यात सरकारी दवाखान्यात हाव. कोन हाय का.'

मी काय केलं सांगू? लाज वाटते, पण सांगतो. दोन चांदण्या काढल्या. '*पाहिजे. *निगेटिव्ह.' वर एक हसरा चेहराही लावला.

दोन मिनिटांनी उत्तर आलं : 'बरं सर. रगत?'

तेव्हा कुठं मी तो मेसेज वाचला. आधी फक्त तपासला होता. ओ निगेटिव्ह हा माझाच गट, गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेला! दवाखाना शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. ज्या रक्ताची वेलांटी मी सुधारली, ते माझ्याच अंगात वाहत होतं.

धापा टाकत पोचलो. अक्का व्हरांड्यात बसली होती.

"आलाव का सर? मला वाटलं, रगत बी तपासूनच द्यायलाव का काय!"

शेजारची बाई खुदकन हसली. रक्त देऊन आलो, तर अक्कानं चहा पुढं केला. मी विचारलं, "अक्का, इतके दिवस मी चुका काढायलोय, बोलली कामून न्हाईस?"

"काय बोलायचं? गिऱ्हाइकाचा ब्लाउज काखंत उसवलेला दिसला तर मी रस्त्यात वरडत न्हाई. आत घेते, पडदा वढते, टाका घालते. तुमी तर समद्या गावाम्होरं दाखवायलाव. बायका लिव्हायला भ्यायल्यात सर. एकमेकीला कन्नडमधीच मेसेज करायल्यात आता."

तिचे यजमान बरे होऊन घरी गेले, आणि माझ्या चांदण्या त्या दिवसापासून मावळल्या.

शुद्धलेखनवाले मित्र अजून उखडतात. तुम्हीच असं म्हणायला लागल्यावर झालंच, म्हणतात. म्हणू द्या. परीक्षेत, अर्जात, पुस्तकात मी आजही वेलांटी सोडणार नाही, लाल पेन खिशातच आहे. पण आमच्याकडं शाळा कन्नड, कचेरी कन्नड, बाजार दख्खनी उर्दू. एवढ्यातून वाट काढून एखादी बाई आपल्या बोलीत अंगठ्यानं चार ओळी लिहिते, तर तिला उंबऱ्यावर अडवून 'आधी पाय पूस' म्हणणारे आम्ही कोण? गप्पा मारायला आलेल्या माणसाची परीक्षा घेत नसतात. आणि अक्काचं म्हणणं कळत नव्हतं का? सगळ्या गावाला कळलं होतं. एका मराठीच्या मास्तराला तेवढं कळलं नाही.

मागच्या आठवड्यात सुजाताचा फोन आला. "सर, आईवर पेपरच्या पुरवणीत लिहायलाव म्हणं... तिचे मेसेज देणार असाल तर जरा शुद्ध करून द्या. लोक हसतील."

"हसू दे की."

"कॉलेजातले सगळे वाचतात सर ही पुरवणी."

"मग त्यांना सांग, 'माझी आई ही अक्षरं पन्नाशीत शिकली.' तू पहिलीत शिकलीस, त्यात काय मोठं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं. राहू द्या तसंच."

संपादकांनाही बजावून ठेवलंय : माझ्या वाक्यांवर हवी तेवढी कात्री चालवा, अक्काच्या ओळीला हात लावू नका.

तिची शेवटची ओळ ग्रुपवर अजून आहे. 'सर जेवलाव का. आज कायच लिव्हलं न्हाई तुमी.' भर दुपारची. मी उत्तर लिहायला घेतलं, एक शब्द खोडला, दुसरा घातला, तोही पटेना... जुनी खोड. नंतर पाठवू म्हणून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी सुजाताच्या त्या दोन शुद्ध ओळी आल्या.

आता रोज जेवण झालं की हात पुसून मी ग्रुपवर लिहितो, 'जेवलो अक्का.' परत न वाचता पाठवतो. खाली गावातल्या बायका लिहितात, 'मी बी जेवले सर', 'आज पिटलं केलतं'... चांदणी कुणी काढत नाही.