खेकड्याच्या गाण्यातला हात

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर नवशी अंगणवाडी सेविका म्हणून रुजू झाली, तेव्हा ती तेविसाव्या वर्षात होती. मुलांसाठी गाणी रचावीत तर तिनेच. मात्र ती गाताना, बोलताना, हसताना तिचा डावा हात आपसूक ओठांवर जाई. आठव्या वर्षी जांभळाच्या झाडावरून ती दगडावर तोंडघशी पडली होती. समोरचा दात तुटला नाही, पण आतून मेला आणि वर्षागणिक काळवंडत गेला. बारावीपर्यंत तिने वर्गात आपणहून एकही प्रश्न विचारला नाही. कुणाच्याही लग्नाच्या फोटोंत ती मागच्या रांगेत उभी राही, आणि तिथेही ओढणी तोंडावर. नरपडच्या चिकूवाडीत मजुरीला जाणारी तिची आई लाडकी म्हणे, "देवानं दात खायला दिलेत. दाखवायला नाय." नवशीला ते पटे, आणि पटूनही पुरत नसे.

एके दिवशी पर्यवेक्षिका सरिताताई तपासणीला आल्या. नवशीने नवे खेकड्याचे गाणे म्हणायला सांगितले. बावीस मुलांनी बोटांच्या नांग्या केल्या, तिरकी पावले टाकली, आणि गाण्याला तोंड उघडताच बावीस डावे हात एकदम ओठांवर गेले. शब्द तळव्यांतच विरले.

"अगं, हे काय? खेकड्याला लाज वाटते होय?" सरिताताई हसत म्हणाल्या.

"गाणं असंच असतं," चार वर्षांच्या लक्ष्याने ठणकावले. "बाई म्हणते तसं."

सरिताताईंनी शेरा चांगलाच लिहिला. नवशीला मात्र दोन दिवस अन्न गोड लागले नाही. दात तिचा होता, लाजही तिची. ती या पोरांच्या तोंडावर कशी जाऊन बसली?

पुढच्याच शनिवारी तिने डहाणू रोडला डॉक्टर सोनल यांचा दवाखाना गाठला. कुरकुरत का होईना, लाडकी सोबत आली. दोन-तीन खेपांत मेलेल्या दाताचे मूळ साफ झाले, आणि वर बसवायच्या टोपीचा रंग निवडण्याची वेळ आली. नवशीने नमुन्यांतल्या सर्वांत पांढऱ्यावर बोट ठेवले.

"अहो बेन, एकटाच दात ट्यूबलाइटसारखा पेटेल," डॉक्टर म्हणाल्या. "शेजाऱ्यांशी जुळायला नको?"

लाडकीने नमुने हातात घेतले, पोरीच्या ओठांशी धरून निरखले. "हा घे. घरच्या भातासारखा. तोंडात बगळा कशाला बसवतेस?"

तिघीही हसल्या. नवशीचा हात वर गेला.

टोपी बसल्यावरही तो वर गेलाच. आरशात ती स्वतःला पाहत राहिली, डोळे भरून आले, हसूही आले, आणि हसू दिसण्याआधीच झाकले गेले. "दाताचं काम झालं," डॉक्टर म्हणाल्या. "हाताला थोडी सवड द्या. पंधरा वर्षांची नोकरी आहे त्याची."

सोमवारी खेकड्याचे गाणे सुरू झाले. नवशीचा हात वर गेला. पाठोपाठ बावीस हात. "हात खाली," ती म्हणाली. मुलांनी खाली केले. पुढच्या ओळीला तिचाच हात पुन्हा उठला, आणि मग सगळ्यांचे.

तेव्हा तिला तारप्याचा नाच आठवला. त्या फेऱ्यात आपले हात आपल्यापाशी राहतच नाहीत. ते शेजाऱ्याला देऊन टाकावे लागतात. तिने मुलांना तसेच गोल उभे केले, हातांत हात गुंफायला लावले, आणि आपला डावा हात लक्ष्याच्या स्वाधीन केला. गाणे सुरू झाले. तिचा खांदा सवयीने उसळला, पण लक्ष्याची मूठ सुटली नाही. त्या दिवशी प्रथमच गाण्याचा शब्द न् शब्द बाहेरच्या हातपंपापर्यंत पोचला.

फेरा थांबल्यावर लक्ष्याने मान वर केली. "बाई, तुझा काळा दात कुठं गेला?"

नवशी थिजली. "तुला दिसायचा तो?"

"सगळ्यांनाच दिसायचा." त्यात त्याला काही विशेष वाटत नव्हते. त्याला चिंता निराळीच होती. "पडला? मग कौलांवर टाकलास ना? नाहीतर नवा येत नाय."

नवशीला हसू फुटले, खळखळून, सगळे दात दिसावेत असे. डाव्या हाताने एक हिसका दिला. लक्ष्याने तो आणखी घट्ट धरला. त्याच्या लेखी गाण्याची अजून दोन कडवी बाकी होती.