वरवंट्यातली चांदी

अशरफभाई परकारांना मी मूर्ख म्हणणार नाही. कुवेतमधल्या खैतान वस्तीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहून मी त्यांच्याकडेच जेवायचो, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. पण हट्टी म्हणेन. एखादी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली की तिला बाहेरची वाट सापडत नसे.

त्रेसष्ट साली ते एका खडीच्या कंपनीत लॉरी चालवत. सुलैबियाच्या पुढे, पार पश्चिमेला, वाळवंटात गोट्यांचे थर होते. तिथून भरायचं आणि शहरातल्या बांधकामांवर ओतायचं. त्याच वर्षी त्यांनी बायकोला, फखरुन्निसाभाभींना, रत्नागिरीहून आणलं. भाभी येताना पाटा-वरवंटा घेऊन आल्या. पाटा पोचला. वरवंटा मात्र बंदरात उतरवताना हमालाच्या हातून समुद्रात गेला. त्या दिवशी भाभींनी कुवेतला जी नावं ठेवली ती मी इथे लिहीत नाही.

मग अशरफभाईंनी गोट्यांतून एक लांबट, गुळगुळीत, तांबूस ग्रॅनाइटचा दगड शोधून आणला. भाभी त्याच्यावर खूश होत्या. दोनेक महिने वाटण वाटून दगडाची वरची साल झिजली आणि आत पांढऱ्या गारेची बारीक शीर दिसायला लागली. त्या शिरेत रुपेरी टिकल्या चमकत होत्या.

"चांदी," अशरफभाई म्हणाले.

"कसली चांदी? नारळाची चटणी काळी पडते माझी हिच्यापायी," भाभी म्हणाल्या.

"मग वर्ख लागला म्हण. लोक पैसे मोजून लावतात मिठाईला."

त्यांचा बाप चिरेखाणीत राबलेला. कोकणात जांभा दिसतो तिथेच खाली खाण असते, कोणी तो दुसरीकडून आणून टाकत नाही. अशरफभाईंनी तोच न्याय वाळवंटाला लावला. दगड इथे सापडला, म्हणजे त्याचा डोंगर इथेच खाली. झहूर नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन ते दर शुक्रवारी फावडं मारायला जाऊ लागले. गोट्यांखाली त्यांना आणखी गोटे मिळाले. तोवर खैतानमध्ये बातमी पसरली होती. एकाने खाणीवर वॉचमनची नोकरीही मागितली. मला अशरफभाईंनी मुनीम नेमलं. मी पद स्वीकारलं, कारण पदाबरोबर चहा होता.

इथवर गंमत होती. मग एका गुरुवारी अशरफभाईंनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, सांगितलं की मला खाण सापडली, मी नोकरी सोडतो. मुदीर म्हणाला, शनिवारी लॉरीची चावी आणून दे. नोकरी गेली की इकामा गेला, म्हणजे राहायचा परवाना गेला. नवरा-बायको दोघांनाही परतीची बोट धरावी लागणार.

भाभी ओरडल्या नाहीत. त्यांनी स्टोव्ह बंद केला. "सात वर्सं मी गावात तुमच्या नावावर बसून काढली. आता कुठं एका छपराखाली आलो, तर एका दगडापायी मला परत धाडताव?"

अशरफभाई भिंतीकडे बघत बसले. मला तिथे बसवेना. मी उठलो तशा भाभी दारापर्यंत आल्या. "हारून, दगडातलं कळणारा कोणतरी आण. माझं हे ऐकायचे नायत."

मी शिंप्याच्या दुकानात कामाला होतो. आमच्या एका गिऱ्हाइकाचं, हैदराबादच्या यूसुफसाहेबांचं, कामच जमिनीखाली काय आहे ते तपासण्याचं. शुक्रवारी त्यांना जेवायला बोलावलं. भाभींनी ताटाआधी वरवंटा पुढे केला.

साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि दगडाची शीर वर्तमानपत्राच्या कडेवर घासली. कागदावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली.

"चांदी नहीं है, मियाँ. मॉलिब्डेनाइट."

"पण धातूच ना?" अशरफभाईंनी विचारलं.

धातूच, साहेब म्हणाले. पोलादात घालतात. ग्रॅनाइट खोल जमिनीत थंड होताना शेवटचं कढत पाणी भेगांत शिरतं आणि पांढरी गार, धातू असं काहीबाही मागे ठेवून जातं. बहुतेक वेळा शीर नखाएवढी जाड असते, चार पावलांत संपते, आणि तिच्यासाठी कोणी कुदळ उचलत नाही.

"चार पावलं तर चार पावलं. कुठं हाय ती?"

साहेबांनी पश्चिमेकडे हात केला. या ग्रॅनाइटचे डोंगर पार अरबस्तानाच्या पलीकडच्या अंगाला, शेकडो मैलांवर. कोणे एके काळी तिथून नदी वाहायची. तिने दगड गडगडवत, घासत इथवर आणले आणि मग ती आटून गेली.

"म्हणजे इथं खाली ग्रॅनाइट नायच?"

"आहे की. तेलाच्याही खाली. तेलाच्या विहिरी पोचत नाहीत तिथवर."

दारामागे फावडं उभं होतं. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. साहेबांनी जेवण चापून केलं, चटणी मात्र ताटाच्या कडेला सारली.

ते गेल्यावर अशरफभाई मला म्हणाले, "ह्या मुलखात जमिनीतून निघतं ते सगळं दुसऱ्याचं, हारून. म्हटलं, एवढं एक तरी आपल्या हाताला लागलं असंल." मला हसू आवरायचं होतं, पण हसू आलंच नाही.

शनिवारी अशरफभाई नोकरी परत मागायला निघाले तेव्हा भाभींनी मला बरोबर धाडलं, वाटेत त्यांचा विचार बदलू नये म्हणून. ऑफिसात ड्रायव्हर आधीच जमले होते. एवढी करमणूक फुकट कोण सोडतो?

मुदीरने हात पुढे केला. "चावी आण. आणि तुझी खाण कुठे आहे?"

अशरफभाईंनी चावी टेबलावर ठेवली. मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले, "खाण तिकडे लांब राहिली, साहेब. दगड तेवढा इकडे आला."

ड्रायव्हर पोट धरून हसले. मुदीर हसला नाही. तो जाफाचा, पॅलेस्टाईनमधला, आणि त्याचं गाव अठ्ठेचाळीस सालच्या लढाईतच सुटलेलं, ते कायमचं. त्याने अशरफभाईंकडे पाहिलं आणि चावी टेबलावरून परत त्यांच्याकडे सरकवली.

"लॉरी उभी आहे," तो म्हणाला. "भरून आण."