डाव्या अंगाची चुन्याची रेघ

आमच्या कॉलेजात फुटबॉलचं खरं कळायचं ते लेडीज रूममधल्या मुलींना. हसू येत असेल तर या, आणि माझ्याशी वाद घाला. पोरं मैदानाच्या कडेला उभी राहून नुसती बोंबलायची. समोरच्याच्या डोक्यापलीकडे त्यांना काही दिसायचं नाही. आमची लेडीज रूम पहिल्या मजल्यावर, आणि तिची लांब गॅलरी थेट मैदानावर. खाली जायला मुलींना कोणी मनाई केली नव्हती, पण गेलो असतो तर आमच्याआधी बातमी घरी पोचली असती. सत्तरच्या दशकातलं नागपूर ते. म्हणून आम्ही वरूनच बघायचो, आणि वरून सगळं दिसतं असा आमचा पक्का समज होता.

माझं बघणं जरा जास्तच होतं, कारण टीमचा गोलकीपर माझा सख्खा भाऊ. माझ्याहून एका वर्षानं मोठा, तेव्हा शेवटच्या वर्षाला. बाबा गांधीबागेत कापडाच्या दुकानात कापड मोजून फाडायचे. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय संध्याकाळी असे सुजायचे की चपलेत मावत नसत. कोराडीच्या वीज केंद्राची फुटबॉल टीम होती. चांगला खेळाडू दिसला की ते त्याला नोकरीत घ्यायचे, टेबलाचं पक्कं काम द्यायचे. त्यांचे साहेब हिवाळ्यात आमच्या मॅचेस बघायला येणार होते. दादाला त्यांनी घेतलं की बाबा घरी बसणार, हे आमच्या घरात सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. बोलत कोणी नव्हतं.

आणि नेमका त्याच वर्षी नवीन कोच आला.

आमच्या कॉलेजात कोच टिकत नसत. आधीचा एक भिलाईला निघून गेला, त्याच्या आधीचा प्राचार्यांशी भांडून गेला. त्यामुळे नवा आला की गॅलरीत पहिला प्रश्न तोच, हा किती दिवस टिकते? रामटेकची एक मैत्रीण होती माझी, हॉस्टेलला राहायची. अंगानं काडी, पण जिभेला धार. तिनं पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला.

"हा काई टिकत नाई. लिहून घे."

"काहून वं?"

"पाय ना, सारं सामान रोज झोळ्यात घालून आणते अन् रोज घेऊन जाते. शिट्टीसुद्धा इथं ठेवत नाई. ज्याची शिट्टी इथं राहत नाई, तो मानूस इथं राहीन का?"

मला ते एकदम पटलं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. कामठीहून सायकलीनं यायचा, हिंदीत बोलायचा. आमच्या कँटीनचा चहा पीत नव्हता, थर्मासमध्ये स्वतःचा आणायचा. कोणाच्या घरी जेवायला गेला नाही. प्राचार्यांपुढेसुद्धा हसायचा नाही. अशा माणसावर विश्वास ठेवायचा तरी कसा? काहींना वाटायचं तो नुसता रिकामा वेळ घालवायला आलाय. रामटेकवालीचा संशय वेगळाच होता. आमची चांगली पोरं हेरून तो दुसरीकडे पळवून नेणार, असं ती छातीठोकपणे सांगायची.

मग त्यानं दादाचं सुरू केलं.

रोज सराव संपला की इतरांना सोडायचा आणि दादाला गोलात उभं करायचा. मग चेंडू मारायचा तो दादाच्या डाव्या बाजूलाच. एक डावीकडे, परत डावीकडे. उजवीकडे चुकून नाही. दादाचे बरेच चेंडू सुटायचे. कोच एक शब्द बोलायचा नाही, नुसता चेंडू उचलून परत डावीकडे मारायचा. वरून बघताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माणसाची एखादी खोड सापडली म्हणून तीच सगळ्यांसमोर उगाळत बसायची?

"तुह्या भावाले खराब दाखवून राहिला तो," रामटेकवाली म्हणाली. "त्याचा कोनी मानूस आणन पाय गोलात."

आणि तस्संच झालं! दिवाळीनंतर एक नवा पोरगा गोलात उभा दिसला. उंचापुरा आणि चपळ. कुठला? तर कामठीचा. झालं, आता वेगळा पुरावा कशाला हवा होता? गॅलरीत असा काही गलका झाला की वरच्या वर्गातले सर बाहेर येऊन बघून गेले. आणि माझा दादा, जिल्ह्यात नाव असलेला कीपर, त्याला कोचनं कुठं टाकलं? लेफ्ट बॅकला. मैदानाच्या पार कडेला, चुन्याच्या रेघेला खेटून.

घरी मी तणतणले. "तू काही बोलत काहून नाही त्याले? कोराडीवाले कीपर पाहायले येऊन राहिले अन् हा तुले कोपऱ्यात उभा करते!"

दादा भाकरी मोडत म्हणाला, "त्याले समजते ना बाई. तू जेव."

त्याचं ते थंड बोलणं ऐकून मला आणखीनच राग आला. आई म्हणाली, खेळातलं आपल्याले काय समजते. मी ताटावरून उठून गेले.

आता संत्र्याचं सांगते. आमच्या गॅलरीची एक रीत होती. मॅचच्या आधी मुली घरून संत्री आणायच्या, सोलून परातीत ठेवायच्या आणि हाफ टाइमला शिपायाच्या हाती खाली पाठवायच्या. त्यातलं एक संत्रं न सोललेलं असायचं. ते मी वरून दादाकडे फेकायचे. तो खाली उभा राहून वर बघायचा, मी फेकायचे, आणि तो एका हातानं झेलायचा. पोरं शिट्ट्या मारायची. झेललं की मॅच आपली, असं सगळं कॉलेज मानायचं. कोचनं पहिल्याच मॅचला ते बंद केलं. म्हणाला, ऊपर से कुछ नहीं आएगा. परात चालेल, फेकाफेकी चालणार नाही. आमच्या संत्र्यानं याचं काय घोडं मारलं होतं?

कोराडीचे साहेब आले त्या दिवशी चांगलीच थंडी होती. पांढऱ्या शर्टातले दोघं-तिघं खुर्च्यांवर बसले. प्राचार्य त्यांच्या मागंपुढं करत होते. दोन्ही टीम गॅलरीच्या खालीच रांगेत उभ्या होत्या, बँडवाले वाजवत होते. दादाची डावी बाजू आमच्याकडे. तो वर बघत नव्हता. मला वाटलं, कोचच्या धाकानं बघत नाहीये. मी मनात म्हटलं, गेला उडत तुझा कोच. आज सगळ्यांत मोठा दिवस, आज संत्रं नाही तर केव्हा? मी नेम धरला आणि फेकलं.

संत्रं दादाच्या डाव्या कानाजवळून गेलं आणि त्याच्या बुटापाशी पडून फुटलं.

मागचा पोरगा दचकून बाजूला झाला. कामठीच्या कीपरचा हात आपोआप पुढे आला. पलीकडे उभ्या असलेल्या रेफरीनंसुद्धा मान वळवली. माझा दादा मात्र हललाच नाही. त्याची पापणी लवली नाही. सगळे त्याच्या पायाकडे बघतायत हे दिसल्यावर त्यानं मान पार वळवली, खांद्यापर्यंत, आणि मग त्याला संत्रं दिसलं.

तो चुकला नव्हता. त्याला ते दिसलंच नव्हतं.

एका क्षणात घरातलं काय काय आठवलं. डावीकडे ठेवलेला तांब्या तो कितीदा लवंडायचा, आणि आई धसमुसळा म्हणून ओरडायची. जेवायला तो कायम भिंतीला डावा खांदा लावून बसायचा. रस्त्यानं चालताना मला डावीकडे ठेवायचा. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे, माझा भाऊ मला गाड्यांपासून जपतो. लहानपणी रामटेकला मामाकडे त्याच्या डोळ्याला विटी लागली होती. आठवडाभर पट्टी होती, मग बरा झाला असं सगळे म्हणाले. डोळा दिसायला बरोब्बर दुसऱ्यासारखा होता. कोण कशाला विचारेल?

तोवर कोच तरातरा आला. फुटलेलं संत्रं त्यानं उचललं, दादाच्या उजव्या हातात दिलं आणि वर तोंड करून असा गरजला की बँड थांबला. "कौन फेंका? दुबारा कुछ आया ना, तो पूरी गॅलरी पे ताला लगवा दूँगा!"

साहेब लोक, प्राचार्य, पोरं, सगळे त्याच्याकडे बघायला लागले. रामटेकवाली दातओठ खात म्हणाली, "माय वं, किती माजला हा मेला!" मी दादाकडे बघत कठडा धरून उभी राहिले.

मग मॅच सुरू झाली आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं. दादा डाव्या रेघेला धरून खेळत होता. त्याच्या डावीकडे काय होतं? चुन्याची रेघ, आणि रेघेपलीकडे काही नाही. जो यायचा तो समोरून किंवा उजवीकडून. सगळं मैदान त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर. त्या दिवशी त्याच्या बाजूनं कोणाला चेंडू काढता आला नाही. खुर्चीवरचे साहेब एकमेकांना बोटानं दाखवत होते. मॅच संपल्यावर त्यांनी कोचला बोलावलं, काहीतरी विचारलं. कोचनं मान हलवली. आणखी दोन मॅचेस बघू आणि मग ठरवू, असं ते म्हणाले, हे शिपायानं वर येऊन सांगितलं.

घरी जाताना अजून उजेड होता. दादानं मला नेहमीसारखं डावीकडे घेतलं. मी थांबले आणि मुद्दाम उजवीकडे, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे गेले. तो थोडं चालल्यावर म्हणाला, "कळलं तुले."

"पूर्ण नाही दिसत?"

"आधी धूसर दिसे. या वर्षी गेलंच."

"अन् त्याले केव्हापासून माहीत हाय?"

"पहिल्या दिवसापासून. रोज डावीकडे मारून पायत होता, किती दिसते म्हणून. मोठ्या दवाखान्यात बी घेऊन गेलता. काई होत नाई म्हणे आता. मीच म्हटलं, घरी सांगू नका."

मला रडू आलं आणि संतापही आला. दोन्ही एकदम. "अन् कोराडीत डोळे तपासतीन तेव्हा?"

"तेव्हा सांगीन ना. लपवत नाई मी. टेबलाचं काम एका डोळ्यानं होते. पण आधीच बोभाटा झाला तं माहा खेळ कोन पाहीन? आधी त्याइले खेळ पाहू दे."

"आम्ही किती शिव्या दिल्या रे त्याले! आख्ख्या गॅलरीनं! तू ऐकत होता अन् गप्प बसला?"

दादा हसला. म्हणाला, "त्यानंच सांगतलं. म्हणे, लडकियाँ ऊपर से सब देखती हैं. गाली देंगी तो देने दे. मेरी तरफ देखेंगी, तो तेरी तरफ नहीं देखेंगी."



पुढचं सांगून टाकते. कोराडीची नोकरी दादाला मिळाली. तिथल्या डॉक्टरनं डोळ्याचं विचारलं, दादानं सांगितलं, आणि साहेबांनी त्याचा खेळ बघितलेला असल्यानं टेबलाच्या कामाला हरकत नाही म्हणून घेतलं. बाबा घरी बसले. कोच तर टिकलाच. आम्ही सगळ्या लग्न होऊन कुठकुठं गेलो, तरी तो झोळा घेऊन येतच होता, असं ऐकलं. पण माझ्या मनात घर करून बसलाय तो संत्र्याच्या मॅचनंतरचा दुसरा दिवस.

सराव सुरू होता. गॅलरीत नेहमीचा वाद. कोच होळीपर्यंत राहतो का त्याआधीच पळतो. मी मात्र दादाकडे बघत होते. रामटेकवाली माझ्याकडे निरखून बघत होती.

"एक सांग वं," ती हळूच म्हणाली. "काल मी रातभर इचार केला. तुह्या दादाले ते संत्रं दिसलं कसं नाई? कानाजवळून तं गेलं. मागच्याले दिसलं, त्याले नाई दिसलं?"

बाकीच्या मुलींनी ऐकलं. एकेकीची नजर मैदानात दादाला शोधू लागली. दोन मॅचेस बाकी होत्या, आणि या पोरींच्या तोंडून गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सीताबर्डीच्या बाजारात पोचायची.

मी कठड्यावर वाकले आणि जेवढा होता तेवढा आवाज काढला. "दिसलं नाही कसं? दिसलं! पण त्या फौजीच्या धाकानं हलला नाही तो! मोठा आला शिस्तीचा! चांगल्या कीपरचं वाटोळं केलं, आपला मानूस गोलात घातला! हा काई टिकत नाही, मी सांगते ना, हा काई टिकत नाही!"

मैदानावर सगळं थांबलं. कोचनं मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी हे का ओरडले ते त्याला कळलं असावं. तो माणूस कधी हसायचा नाही, तेव्हाही हसला नाही. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "जरा जोर से बोलो बाई! उधर प्रिन्सिपल साहब तक नहीं पहुँचा!"

पोरं खदखदून हसली. रामटेकवाली चिडून काहीतरी उत्तर द्यायला लागली, तिच्यामागून बाकीच्याही. कोचनं शिट्टी मारली. दादा चुन्याच्या रेघेकडे पळाला आणि तिला डावा खांदा लावून उभा राहिला. सगळी गॅलरी कोचकडे बघत होती. दादाकडे कोणीच बघत नव्हतं.