आत ओळखणारा माणूस

निजामाची अख्खी रियासत वशिल्यावर चालते, हे मी पत्रकं छापून सांगत आलोय. पण त्या रियासतीतही वशिल्याचा खरा बादशहा कोण म्हणाल, तर आमच्याच तेलगावचा माझा मावसभाऊ. हा माणूस ओळखीवाचून पाणीसुद्धा पीत नाही. दिंद्रुडच्या बाजारात बैल घ्यायचा, तरी आधी विकणाऱ्याच्या साडूला गाठणार, त्याच्याबरोबर चहा पिणार, मग बैलाकडं बघणार. धर्मापुरीच्या देवळात तर त्यानं कहर केला. लोक नंदीच्या कानात मागणं सांगून पुढं जातात. हा तिथंच मांडी घालून बसला आणि त्या दगडी नंदीची मान खाजवत घरादाराची खुशाली सांगू लागला. मी चिडलो, तर म्हणतो, "थेट महादेवापुढं काहून जावं बे? आतला माणूस ह्यो हाय!"

हैदराबादेत प्रवासी विमानांची कंपनी निघाली, तेव्हा तिथल्या क्लबात आम्ही दोघंही विमान चालवायला शिकलो होतो. मी उत्तम उडवायचो, तो बेताचं. हे माझं मत नव्हे, त्याचंच. वैमानिकाची ती नोकरी मला इतकी हवी होती, की जेवतानाही हात विमानाचा दांडा धरल्यासारखा वळायचा. मी खोलीत बसून वारे आणि इंजिनं घोकत होतो, आणि हा पठ्ठ्या विमानतळावर हुरडा वाटत होता! वैमानिकांना हुरडा, मिस्त्र्यांना हुरडा, वर शेंगदाण्याची चटणी. मिस्त्री इंजिन उघडून बसला, की हा शेजारी बसून पाने-पकडी पुसून द्यायचा. माझा नुसता जळफळाट!

मुलाखतीत मुख्य वैमानिकानं मला विचारलं, "अंदर कौन जानते तुमकू?"

मी छाती काढून म्हणालो, "कुणीच नाही!"

हेच मावसभावाला विचारलं, तर त्यानं चार वैमानिक, दोन मिस्त्री आणि वर तिथला आचारी सांगितला. त्याला घेतलं. मला नाही.

मी तडक एका मिस्त्र्याला जाब विचारला. तो हात पुसत म्हणाला, "तुमचे भाऊ रोज तुमचंच सांगायचे, माझ्यापेक्षा तो लई चांगला उडवतो म्हणून. पण तुमी आमच्याशी कधी बोललाच न्हाई. ज्याच्या हाती लोकांचा जीव द्यायचा, त्याच्याबद्दल ऐकीव काय सांगावं?"

पुढं मावसभाऊ कडक टोपी घालून गावी आला. म्हणाला, "आता मी आत हाय. अर्ज कर, मी सांगतो."

"मला वशिला नको."

"मंग काय सांगू बे? वाईट उडवतो म्हून खोटं बोलू?"

हा प्रश्न मी अजून कुठल्याच पत्रकात छापलेला नाही. अर्जही केलेला नाही. कधीमधी तेलगावावरून विमान जातं, गुराखी हात हलवतात, मीही मान वर करतो. वळताना पंख जरा जास्तच कलला, की ओळखतो, हाच असणार. मी याहून सफाईनं वळवलं असतं. तिथं आत हे ठाऊक असलेला माणूस एकच आहे, आणि तो आत्ता माझ्या डोक्यावरून निघून गेला.